मदत हवी आहे: गच्चीवरचं हीट पंप युनिट वीस मिनिटांत बंद पडतंय. कमिशनिंगच्या (म्हणजे 'यंत्र तपासून सुरू करून दिलं' या) कागदावर सही करू का?

पहाटेचा_अभ्यास

नमस्कार मंडळी. हा विषय माझ्या आवाक्यातला नाही, म्हणून जे दिसलं ते सगळं लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

नाशिकला आमची अभ्यासिका आहे. तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, साधारण १,४०० चौरस फूट, ९० टेबलं, पहाटे ५ ते रात्री ११. मुलं बहुतेक एमपीएससीची. उन्हाळ्यात वरचा स्लॅब भाजून काढतो आणि हिवाळ्यात पहाटे पारा ८-९ वर आला की बोटं पेन धरत नाहीत. गेल्या वर्षी मुलांनी घरून हीटर आणायला सुरुवात केली. एकेक २,००० वॉटचा. रोज एमसीबी पडायचा, एकदा तर एक प्लगच वितळला. तेव्हा ठरवलं की काय तो खर्च एकदाच करू.

ऑक्टोबरात गच्चीवर साडेआठ टनाचं पॅकेज युनिट बसवलं. कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल, ब्लोअर सगळं एकाच पेटीत, खाली फक्त डक्ट (हवेचे मार्ग) उतरतात. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम, म्हणून हीट पंप. थ्री फेज, स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), गॅस आर-४१०ए.

ऑक्टोबरात थंड चालवलं तेव्हा शेवटच्या रांगेत हवा पोचतच नव्हती, आणि युनिट बंद केलं की पहिल्या ग्रिलमधून पाणी टपकायचं. ठेकेदार म्हणाले, हवा दमट आहे, थंडी पडली की थांबेल. थांबलं खरं. पण आता गरम चालवतोय तर पहाटे सुरू होताना दहा-पंधरा सेकंद खडखडाट होतो. मग हवा मात्र एकदम कडक गरम येते, मी ग्रिलला थर्मामीटर लावून पाहिला, ४८ डिग्री! आणि वीसेक मिनिटांत हाय प्रेशरचा लाल दिवा लागून सगळं बंद. वर जाऊन रिसेट करायचं, परत वीस मिनिटं. शिवाय गच्चीवर पेटीखाली पाणी साचतं आणि मध्येच पांढरा धूर निघतो. परवा शेजारचे काका "अहो, तुमचं मशीन पेटलं" म्हणत धावत वर आले.

ठेकेदाराचं म्हणणं, गॅस जास्त भरलाय, थोडा सोडला की ठीक होईल. आणि कमिशनिंग रिपोर्टवर सही करून उरलेले १० टक्के द्या. सही करू का?

कोबा

गॅसचं जाणकार सांगतील. माझा प्रश्न गच्चीचा. पेटी कशावर ठेवली आहे? कोब्यात (गच्चीच्या वॉटरप्रूफ थरात) ड्रिल मारून अँकर ठोकले असतील तर येत्या जूनमध्ये गळतीचा दुसराच धागा काढाल.

पहाटेचा_अभ्यास

नाही हो, दिरांनी ते आधीच बजावलं होतं. बीमवर दोन सिमेंटचे कट्टे घातले, त्यावर लोखंडी फ्रेम आणि रबरी पॅड.

कोबा

दिरांना नमस्कार सांगा. डक्ट जिथे स्लॅबमधून खाली जातो तिथे भोवती सहा इंचांचा उंचवटा आहे ना, तेवढं बघा.

स्क्रोलवाला

ताई, सही करू नका आणि गॅसला कुणाला हात लावू देऊ नका. बाकीचं नंतर.

पॅकेज युनिटमध्ये गॅस कारखान्यात वजन करून भरलेला असतो, किती किलो ते प्लेटवर लिहिलेलं असतं. स्प्लिटसारखी जागेवर नळी जोडायची नसते, त्यामुळे जागेवर गॅस भरायचं कारणच नाही. मग जास्त झाला कुठून? जास्त गॅसने दाब चढतो हे खरं. पण मोजून भरलेलं यंत्र तीन महिन्यांत 'जास्त' होत नसतं. आज थोडा सोडतील, दिवा लागायचा थांबेल, आणि एप्रिलमध्ये कूलिंग मिळणार नाही. शिवाय तो हवेत सोडणं म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट उष्णता धरणारा वायू सोडणं, ते वेगळंच.

आता मला तीन गोष्टी सांगा. युनिटमध्ये परत जाणाऱ्या हवेचं, म्हणजे रिटर्न ग्रिलचं तापमान किती? रिपोर्टमध्ये ब्लोअरचे अँपिअर किती लिहिलेत? आणि पहिल्या दिवशी युनिट चालू केलं तेव्हा काय काय झालं, अगदी फालतू वाटलं तरी लिहा.

पहाटेचा_अभ्यास

काका, रिटर्नला १९. रिपोर्ट समोरच आहे: व्होल्टेज ओके, करंट ओके, एअरफ्लो ओके, ड्रेन ओके. सगळ्या रकान्यांत ओकेच आहे, आकडा एकही नाही.

पहिला दिवस म्हणाल तर युनिट सुरूच होत नव्हतं. पॅनेलमध्ये एका छोट्या डबीवर लाल दिवा होता. त्यांच्या मुलाने त्या डबीला एक वायर आडवी जोडली. मग सुरू झालं पण इतका घरघराट, की आम्ही सगळे दोन पावलं मागे. त्याने बंद केलं, कॉम्प्रेसरपाशी काहीतरी उघडून दोन वायरी बदलल्या, आणि मग आवाज एकदम सुरळीत. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

स्क्रोलवाला

पेढे जरा लवकर वाटलेत.

ती डबी म्हणजे फेज सिक्वेन्स रिले. आर-वाय-बी हा क्रम उलटा आला की ती युनिट सुरू होऊ देत नाही, कारण स्क्रोल उलटा फिरला तर गॅस दाबला जात नाही, नुसता आरडाओरडा होतो आणि जास्त वेळ चालला तर कॉम्प्रेसर जातो. म्हणजे तुमच्या लाइनचा क्रम पहिल्या दिवसापासून उलटा होता आणि डबी खरं तेच सांगत होती. त्या पोराने पहारेकऱ्याचंच तोंड बांधलं. मग फक्त कॉम्प्रेसरच्या दोन वायरी अदलाबदल करून कॉम्प्रेसर सरळ केला.

पण ताई, ब्लोअरची मोटरही थ्री फेजच आहे. ती कुणी सरळ केली?

माझी पैज आहे, तुमचा ब्लोअर तीन महिने उलटा फिरतोय. आणि यात फसगत अशी की हा पिंजऱ्यासारखा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा बाहेरच फेकतो, आत ओढत नाही. फक्त निम्मी-शिम्मी फेकतो. त्यामुळे ग्रिलला हात लावून 'एअरफ्लो ओके' लिहिता येतं.

आता तुमचे आकडे बघा. टनामागे ४०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) या हिशोबाने तुम्हाला ३,४०० सीएफएम हवा हवी. तेवढी असेल तर हीटिंगमध्ये आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत १३ ते १६ डिग्रींचा फरक पडतो. तुमच्याकडे १९ आत, ४८ बाहेर, म्हणजे २९. उष्णता तेवढीच, हवा निम्मी, म्हणून तापमान दुप्पट चढतंय. ज्या ४८ डिग्रीचं तुम्ही कौतुक केलंत ना, तोच आजार आहे. हीट पंपाची हवा गिझरच्या पाण्यासारखी नसते, कोमट आणि भरपूर असते. कॉइलवरची उष्णता हवा वाहून नेत नाही, दाब चढत जातो, खोली जरा गरम झाली की कडेलोट होतो आणि हाय प्रेशर स्विच बंद करतो. स्विच इमानदार आहे, त्याला शिव्या देऊ नका.

ऑक्टोबरचं पाणीही तेच. थंड चालवताना हवा कमी पडली की कॉइलवर बर्फ धरतो, बंद केल्यावर तो वितळून ट्रेच्या बाहेर पडतो.

तांब्याची_नळी

काकांशी सहमत, पण फिल्टर चोंदणं, डक्टमधला डँपर (हवा कमी-जास्त करायची झडप) बंद राहणं यानेही हवा निम्मी होते. आधी ते बघा, फुकटातलं आहे. पैज नंतर.

स्क्रोलवाला

बरोबर. बघाच. पण डबीला आडवी जोडलेली ती बायपासची वायर कुठल्याही परिस्थितीत काढायची आहे.

फिनिक्सकर

इथे अ‍ॅरिझोनात कितीतरी जुन्या घरांच्या छपरांवर हीच पेटी असते, आमच्याही आहे. दोन गोष्टी भर घालतो.

गच्चीवरचं पाणी आणि 'धूर' दोन्ही साहजिक आहेत. हीटिंगमध्ये बाहेरची कॉइल थंड होते, म्हणून पाणी आता बाहेर पडतं. पहाटे तिच्यावर हिम धरलं की युनिट काही मिनिटं स्वतःच उलटं चालून ते वितळवतं. तेव्हा निघते ती वाफ. तेवढा वेळ आत गार हवा येऊ शकते, त्याला घाबरू नका. शेजारच्या काकांना चहाला बोलावून एकदा दाखवा.

दुसरं, ड्रेनच्या पाइपला ट्रॅप (पाणी साठून हवा अडवणारा वाकडा भाग) आहे का? या पेट्यांमध्ये ब्लोअर कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे ट्रेपाशी हवेची ओढ आत असते. नळी सरळ असेल तर हवा नळीतून आत शिरते आणि पाणी ट्रेमध्येच तुंबतं. आज ब्लोअर अशक्त आहे म्हणून ओढ कमी आहे. तो सरळ फिरायला लागला की हा त्रास वाढेल.

पहाटेचा_अभ्यास

नळी सरळच आहे, टोकाला टेप गुंडाळलेला. फिल्टर कालच धुतले, डँपर सगळे उघडे. फरक शून्य.

आणि एक कबुली द्यायची राहिली. वीज वाचावी म्हणून मी रात्री ११ ला वरचा आयसोलेटरच (युनिटचा मेन स्विच) बंद करते आणि पहाटे पावणेपाचला चालू करते. चालेल ना?

स्क्रोलवाला

नाही चालणार, आणि तुमचा पहाटेचा खडखडाट बहुतेक इथेच सापडला.

कॉम्प्रेसरच्या बुडाशी एक छोटा हीटर असतो, क्रँककेस हीटर. युनिट थांबलेलं असताना गॅस थंड जागा शोधून कॉम्प्रेसरच्या ऑइलमध्ये जाऊन बसतो. हीटर ऑइल उबदार ठेवून त्याला बसू देत नाही. तुम्ही आयसोलेटर पाडला की हीटरही मेला. गच्चीवर ८ डिग्री, कॉम्प्रेसर गार, गॅस रात्रभर ऑइलमध्ये मुरला, आणि पहाटे सुरू करताच ऑइल सोड्यासारखं फसफसतं. असे दोन हिवाळे काढलेत तर कॉम्प्रेसर बदलावा लागेल. त्यापुढे हीटरची वीज काहीच नाही. रात्री थर्मोस्टॅटवरून बंद करा, आयसोलेटर चालूच ठेवा. आणि एखाद वेळी खरंच बंद राहिला, तर चालू करून २४ तास थांबा, मग युनिट सुरू करा.

उत्पादक कंपनीच्या सर्व्हिसला थेट फोन करा. वॉरंटी तुमची आहे, ठेकेदाराची नाही. आलेल्या माणसाला सांगा: कॉम्प्रेसरच्या वायरी मूळ जागी आणायच्या, दोन फेजची अदलाबदल आयसोलेटरच्या आतल्या बाजूला नाही, तर येणाऱ्या केबलवर करायची, म्हणजे रिलेसकट सगळ्यांना एकच क्रम दिसेल. बायपास काढायचा. इमारतीला जनरेटर असेल तर त्यावरही क्रम तपासायचा, नाहीतर लाइट गेले की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही स्वतः झाकण उघडू नका, ४१५ व्होल्ट आहे.

पहाटेचा_अभ्यास (नऊ दिवसांनी)

काका, पैज जिंकलात.

कंपनीचा माणूस आला. ब्लोअरच्या पत्र्यावर बाण छापलेला आहे, इतके दिवस कुणाला दिसला नव्हता. त्याने युनिट बंद केलं, चाक थांबत आलं तेव्हा झाकणातून मला दाखवलं, बाणाच्या बरोब्बर उलट. मग तुम्ही सांगितलं तसंच केलं. रिले जोडल्यावर डबीवर हिरवा दिवा लागला आणि मला उगाचच भरून आलं.

आकडे देते. ब्लोअर आधी २.९ अँपिअर, आता ४.६, प्लेटवर ४.९ आहे. रिटर्न २०, ग्रिलला ३४. गेजवर दाब आधी ६०० पीएसआयच्या आसपास जाऊन बंद पडत होता, आता ३४५ वर स्थिर. दोन तास माझ्यासमोर चालवलं. जनरेटरचा क्रम सरळ निघाला. गॅसला कुणी हात लावला नाही. ड्रेनला ट्रॅप बसवला, हिवाळ्यात त्यातलं पाणी वाळतं म्हणून मार्चमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगितलंय. खडखड आयसोलेटर चालू ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली.

ठेकेदारांना नवा रिपोर्ट दिला, म्हटलं, हे आकडे तुमच्या कागदावर लिहा, मग सही आणि पैसे दोन्ही. जरा कुरकुरले, पण लिहिले. त्या मुलाचं नाव मी इथे देणार नाही, वीस-एकवीस वर्षांचा आहे, त्याला कुणी कधी नीट शिकवलंच नसावं. तोही वर आला होता, बाण बघून गप्प उभा राहिला.

आता नवीन प्रश्न. पहिल्या ग्रिलखाली बसणारी मुलं म्हणतात, मॅडम, वहीची पानं उडतात.

स्क्रोलवाला

त्या ग्रिलमागचा डँपर थोडा बंद करा. थोडाच. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि किती हवा येते ते इथे कळवा.