साइड कंट्रोलखालून निघायचं कसं? पोटावर वळलो की गळा जातो

मातीतला_गडी
नमस्कार मंडळी. जिऊ-जित्सू सुरू करून चार महिने झाले, व्हाइट बेल्ट, वजन ६३. त्याआधी गावाकडं तालमीत पाचेक वर्षं कुस्ती. उभ्यानं मला फारसं कोणी पाडत नाही, पट काढला की समोरचा खाली, तिथवर मजा आहे. पण क्लासमध्ये एक ९० किलोचा दादा आहे, तो एकदा साइड कंट्रोलला (बाजूनं येऊन छातीवर आडवं दाबून धरणं) आला की संपलं, छातीवर गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं वाटतं आणि उरलेला राउंड मी छताचा पंखा बघत काढतो. हातानं ढकललं की अमेरिकाना (दुमडलेला हात पिळून खांद्याला कुलूप), पोटावर वळलो की तो पाठीवर आणि मग रिअर नेकेड चोक (मागून हातानं गळा आवळणं). काल तीनदा टॅप केलं (थाप मारून हार मानली), तिन्ही वेळा तसंच. सर ओरडतात श्रिम्प कर, श्रिम्प कर (कुशीवर होऊन कंबर मागं सरकवणं). करतो की! पण तो माझ्यासोबतच सरकतो. काय चुकतंय?

जांभळा_पट्टा
भावा, पाठ लागली की चीतपट हे तुझ्या अंगात मुरलंय, त्यामुळं पाठ टेकायच्या आत तू आपोआप पोटावर फिरतोस. तालमीत ते बरोबर. इथं आयबीजेजेएफच्या (जिऊ-जित्सूची आंतरराष्ट्रीय संघटना) हिशोबानं गार्ड पासचे (तुझे पाय ओलांडून बाजूला येण्याचे) ३ पॉइंट त्याला आधीच मिळालेत, पाठ घेऊन दोन्ही हुक (मागून पाय तुझ्या मांड्यांत अडकवणं) लावले की आणखी ४, वर गळा फुकट.
आता फ्रेम, म्हणजे हातांचा टेकू. त्याच्या बाजूचा हात त्याच्या कमरेच्या हाडाला लाव, लांबचा हात दुमडून मनगटाजवळचं हाड त्याच्या गळ्याखाली. हात सरळ करून ढकललास की अमेरिकाना ठरलेली. मांडवाला टेकू देतात ना, तसं, टेकू ढकलत नाही, वजन हाडावर घेतो. मग आधी ब्रिज (पाय रोवून कंबर वर उचलणं), त्याच्याच दिशेनं. तो जरा वर उचलला जातो आणि परत बसायच्या आत तुझी कंबर बाहेर निघाली पाहिजे, लगेच त्याच्या बाजूचा गुडघा मध्ये घाल. तू बहुतेक ब्रिज न करता नुसतं सरकतोयस, म्हणून वजन तुझ्यावरच राहतं आणि तो सोबत येतो.

बावन्न_किलो
वरचं सगळं मान्य, पण जांभळा दादा, तो पूर्ण बसल्यावर सुरुवात करताय हाच घोळ आहे. क्रॉसफेस (त्याच्या हाताचा गालावर दाब) बसला, तोंड पलीकडं वळलं, की मग त्याच्याकडं वळणं जवळपास अशक्य. मी ५२ किलोची, माझ्याकडं जोर हा पर्यायच नाही, म्हणून तो पास करतानाच माझ्या फ्रेम लागलेल्या असतात. आणि सपाट पडू नका, कुशीवर राहा, श्वास तरी येतो.
१९९४ च्या यूएफसी ४ च्या (सगळ्या शैलींच्या लढतींची स्पर्धा) फायनलला जिऊ-जित्सूवाला रॉयस ग्रेसी जवळजवळ १६ मिनिटं डॅन सेव्हर्नच्या खाली होता, सेव्हर्न कुस्तीवाला आणि वजनानं खूपच जड, तरी शेवटी खालूनच ट्रायँगल (पायांच्या कात्रीत गळा आवळणं) लागला. का, तर पाय मध्ये होते. खाली असणं चालतं हो, पाय बाहेर राहिले की वाट लागते.

गल्लीतला_वस्ताद
आणि पाठ गेलीच तर? दोन्ही हात त्याच्या गळ्यावरच्या हाताला, बाकी सगळं नंतर. मग त्याचा जो हात तुझ्या काखेखालून आलाय त्या बाजूला घसर आणि खांदे मॅटला लाव. हो, स्वतःची पाठ स्वतः टेकवायची 😂 पाठ मॅटवर गेली की त्याला मागं जागाच उरत नाही. मी पण तालमीतलाच, हे शरीराला पटायला मला वर्ष लागलं. आमच्या वस्तादांनी बघितलं असतं तर काठी घेऊन मागं लागले असते.

मातीतला_गडी
आज करून बघितलं. ब्रिज, मग कंबर, आणि गुडघा एकदा खरंच आत गेला!! दादा पण दचकला. पुढच्या वेळी मात्र तो नॉर्थ-साउथला (डोक्याकडून उलटा छातीवर) फिरला, परत पंखा. पण पोटावर एकदाच वळलो.
अजून एक, माउंटखालून (तो पोटावर बसलेला) त्याचा हात-पाय अडकवून उपा (ब्रिज करून उलथवणं) मारला आणि वर आलो, तर २ पॉइंट नाही मिळाले. का?

जांभळा_पट्टा
स्वीपचे (खालून उलथवून वर येण्याचे) २ गार्ड (तो तुझ्या पायांच्या मध्ये) किंवा हाफ गार्डमधून (त्याचा एकच पाय तुझ्या पायांत) सुरुवात झाली तरच. माउंटखालून सुटलास त्याचं बक्षीस म्हणजे सुटलास. नॉर्थ-साउथचं शनिवारी लिहितो, आत्ता मानेला आयोडेक्स लावतोय.