जेवणाऐवजी सॅलड करायचंय, पण पाणी सुटतं आणि तासाभरात भूक लागते

सांजवेळ (लातूर)
आठवड्यातून दोनदा रात्री भाकरी, भाजी, वरण काहीच न करता चौघांसाठी नुसतं सॅलड करायचं ठरलंय. सध्याचं प्रमाण असं: दोन काकड्या, तीन टोमॅटो, एक कांदा, वाटीभर मोडाची मटकी, लिंबू, मीठ, चाट मसाला. अडचणी तीन आहेत. ताटात वाढेपर्यंत खाली पाणी सुटायलंय. नऊला जेवलं की साडेदहाला सगळे पुन्हा डबे उघडायलेत. आणि भर म्हणून हरभरा घालावा तर पाच शिट्ट्या होऊनही तो टणकच. पाणी बोअरचं आहे. लेट्यूस, ऑलिव्ह, चीज वगैरे आणायचं नाही. ओव्हन नाही. अंडं चालतं, मटण-चिकन नको. नेमकं माप सांगा, ‘अंदाजे’ नको.

शाळू
तुम्ही जे लिहिलंय ती कोशिंबीरच आहे, फक्त मोठ्या पातेल्यातली. काकडी आणि टोमॅटो दोन्हींत शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणी. त्यावर किती लिंबू पिळलं तरी पोट भरणार कशानं? भाकरी काढली तर भाकरीची ज्वारी तरी सॅलडमध्ये यायला हवी.

चौघांसाठी कोरडं माप घ्या: अख्खी ज्वारी २०० ग्रॅम, हरभरा १५० ग्रॅम, शेंगदाणे ६० ग्रॅम, अंडी चार. कच्च्या भाज्या सगळ्या मिळून ४०० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नको. ज्वारी आणि हरभरा शिजून वजनाला दुपटीहून थोडे जास्त होतात, म्हणजे दर ताटात दोनशे ग्रॅमच्या आसपास शिजलेलं धान्य-कडधान्य येतं. अंड्यासकट माणशी वीसेक ग्रॅम प्रथिनं होतात. साडेदहाला डबे उघडणार नाहीत.

ज्वारी रब्बीचीच घ्या, मालदांडी असली तर उत्तम. दाणा टपोरा, शिजल्यावरही सुटा राहतो. खरिपात काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी यात मुळीच वापरू नका. ते काळं म्हणजे बुरशी असते, आणि भाकरीत लपतं ते इथं लपत नाही.

रात्री धुऊन भिजत घाला, किमान आठ तास, थंडीत दहा-बारा. भिजवलेलं पाणी फेकून द्या. कुकरमध्ये ज्वारीच्या तिप्पट पाणी, अर्धा चमचा मीठ. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग गॅस बारीक करून २५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. उघडल्यावर एक दाणा बोटांत दाबून फोडा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर अजून सात-आठ मिनिटं लागतील. न भिजवता शिजवलेल्या ज्वारीचं हमखास हेच होतं: वरून मऊ, आत कच्ची.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पाण्याचा दोष काकडीला देतात. शिजलेली ज्वारी लगेच चाळणीत उपसा, पाच मिनिटं निथळू द्या आणि सुती फडक्यावर किंवा परातीत पातळ पसरून वीस मिनिटं ठेवा. दाण्याला दाणा चिकटत नाही, हाताला ओल लागत नाही, इतकी कोरडी झाली की मगच पुढं जा. कुकरमध्ये तशीच झाकून ठेवली तर वाफेनं फुटते आणि गिचका होतो.

काकडी सोलून, उभी चिरून, बिया चमच्यानं काढून टाका आणि बोटभर जाड फोडी करा. बारीक चोचवलेली काकडी खमंग काकडीला, इथं नको. फोडींना पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटेल ते पाणी वाटीत काढून घ्या. ते फेकू नका, रसात (म्हणजे सॅलडवर घालायच्या तेल-लिंबाच्या मिश्रणात) घाला, मात्र मग रसातलं मीठ तेवढं कमी करा. टोमॅटोचंही तसंच, गर-बिया काढून फक्त भिंती वापरा. चिरलेला कांदा दहा मिनिटं गार पाण्यात बुडवून पिळून घेतला की उग्रपणा जातो आणि रात्रभर तोंडाला वास राहत नाही.

खडकाळ
हरभऱ्याचं मी सांगतो. दोष तुमच्या शिट्ट्यांचा नाही, पाण्याचा आहे. आपल्याकडं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, मग दहा शिट्ट्या केल्या तरी साल कडक ती कडकच. भांड्याला पांढरा थर बसत असेल तर खूण पटली म्हणून समजा.

उपाय दोन. भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या, दीड लिटरनं काम भागतं. तेही नसेल तर भिजवताना १५० ग्रॅम हरभऱ्याला पाव चमच्याहून कमी खायचा सोडा घाला, सकाळी ते पाणी फेकून हरभरा दोनदा धुवा. सोडा शिजवताना घालू नका. साल सुटते, चव साबणासारखी येते.

‘मीठ घातलं की हरभरा शिजत नाही’ असं घरोघर सांगतात, ते खरं नाही. उलट भिजवण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर साल मऊ पडते. शिजू देत नाही ती आंबट वस्तू. टोमॅटो, चिंच, लिंबू, यांतलं काहीही हरभरा पूर्ण शिजायच्या आधी कुकरमध्ये जाता कामा नये. दहा-बारा तास भिजवून, पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर वीस मिनिटं. एवढं करूनही टणक राहिला तर माल जुना आहे. वर्षाहून जुना हरभरा कितीही भिजवा, काही दाणे खडेच राहतात. दुकानदाराला नवा माल मागा, आणि भिजवल्यावर न फुगलेले दाणे वेचून टाका.

ज्वारी आणि हरभरा एकाच पाण्यात शिजवू नका. हरभऱ्याचा तपकिरी रंग ज्वारीला लागतो आणि सगळं ताट मळकट दिसतं.

पातीचाकांदा
वरची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण पाला कुणीच सांगितला नाही. लेट्यूस नको म्हणताय तर लेट्यूसची गरज आहेच कुठं? आपल्याकडं घोळाणा आहे. मेथी, करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचा पाला, पातीचा कांदा, यातलं हंगामात जे असेल ते कच्चंच चिरायचं, वर तेल, तिखट, मीठ, शेंगदाण्याचं कूट. शाळू म्हणतात ती ज्वारी आणि हरभरा यात मिसळला की तुमचं जेवण झालं. विकतच्या मिश्र पानांना ही चव येणं शक्य नाही.

मेथी घ्यायची तर बोटभर उंचीची, कोवळी, देठ काढून. जून मेथी कच्ची कडू लागते. ती मिठानं चोळली तर कडवट रस निघून जातो, पण पानं लोळागोळा होतात, त्यापेक्षा भाजीलाच वापरा. करडईची पानं काटे धरायच्या आत. हरभऱ्याचा पाला मुळातच आंबट आणि खारट असतो, तो असेल तेव्हा लिंबू निम्मं करा. पाला धुऊन फडक्यात गुंडाळून झटका. पान ओलं राहिलं तर तेल त्यावर धरत नाही, घसरून तळाला जातं.

आता रस. करडईचं घाण्याचं तेल तीन मोठे चमचे, लिंबाचा रस दोन मोठे चमचे (एका मोठ्या लिंबाचा निघतो), हिरव्या मिरचीचा ठेचा एक लहान चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, गूळ पाऊण चमचा, जवसाची चटणी एक मोठा चमचा. मीठ सर्वांत शेवटी, कारण ठेच्यात आणि चटणीत ते आधीच असतं. झाकणाच्या बरणीत घालून अर्धा मिनिट हलवा. जवसामुळं तेल आणि लिंबू एकजीव राहतात. नुसतं तेल-लिंबू हलवलं तर दोन मिनिटांत वेगळं होतं. बोटावर चाखल्यावर रस जरा जास्तच आंबट-खारट लागला पाहिजे. ज्वारीला स्वतःची अशी चव फार नाही, ती सगळं शोषून घेते.

रस एकदम ओतायचा नाही. ज्वारी-हरभरा कोमट असतानाच निम्मा घालून हलवा, गार दाणा तेवढा रस पीत नाही. उरलेला वाढायच्या क्षणी, पाल्यासकट. तुमच्या पाण्याचं मूळ बहुधा इथंच आहे: मीठ-लिंबू आधी घातलं आणि मग चौघं जमेपर्यंत थांबलात.

मोजूनमापून
चमचा-चमचा चाललंय म्हणून विचारतो: लहान म्हणजे ५ मिली, मोठा म्हणजे १५ मिली, बरोबर ना? प्रश्नात ‘वाटीभर मटकी’ आहे. वाटी प्रत्येक घरात वेगळी, १०० मिलीपासून २०० पर्यंत. पाककृतींचे निम्मे घोटाळे वाटीनं केलेत.

शेंगदाण्याबद्दल थोडं. ६० ग्रॅम दाणे मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा, गार झाल्यावर सालं काढा, खलबत्त्यात जाडसर भरडा. मिक्सरमधलं बारीक कूट नको. ते भाजीचं पाणी पिऊन घट्ट होतं आणि ज्वारीला चिखलासारखं चिकटतं. भरड सर्वांत वर, हलवल्यानंतर.

अंडी उकळत्या पाण्यात सोडल्यापासून नऊ मिनिटं, मग लगेच गार पाण्यात पाच मिनिटं. पंधरा मिनिटं उकळली की बलकाभोवती हिरवट-काळं वर्तुळ येतं. विषारी नसतं, पण बलक कोरडा पडतो आणि वास येतो.

मटकी सोडू नका, पण कच्ची घालू नका. मोडांच्या ओल्या उबेत जंतूही वाढतात, उन्हाळ्या-पावसाळ्यात तर फारच. इडलीच्या भांड्यात पाच मिनिटं वाफवली की पुरे. दाणा चावायला राहतो.

सांजवेळ (लातूर)
सगळ्यांचे आभार. फिल्टरच्या पाण्यात हरभरा भिजत घातलाय. दोन शंका. ज्वारी-हरभरा रविवारी शिजवून बुधवारपर्यंत ठेवता येईल का? आणि लिंबाऐवजी दही चालेल का? घरात दोघांना लिंबू सोसत नाही.

शाळू
ठेवता येईल. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत, रस न घालता, फ्रिजमध्ये तीन दिवस. शिजल्यावर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तासाभरातच आत गेली पाहिजे. परातीत पसरली की लवकर निवते, हा पसरण्याचा दुसरा फायदा.

फ्रिजमधली ज्वारी दुसऱ्या दिवशी कडक लागते. बिघडलेली नसते, गार झाल्यावर तिच्यातला स्टार्च घट्ट होतो. दोन चमचे पाणी शिंपडून चार-पाच मिनिटं वाफवा, पुन्हा मऊ होते. रस मग त्या कोमट ज्वारीवरच.

हुरड्याच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, हा सगळा खटाटोप लागतच नाही. २०० ग्रॅम ज्वारीच्या जागी ४०० ग्रॅम हुरडा घ्या, सुरती किंवा गूळभेंडी. भाजलेला असेल तर तसाच, कच्चा असेल तर सहा-सात मिनिटं वाफवून. गोडी एका दिवसात उतरते, म्हणून आणला त्याच दिवशी. त्या दिवशी रसातला गूळ वगळा.

पातीचाकांदा
दही चालतं, पण पातळ नको, नाहीतर पुन्हा पाण्याशी गाठ. पाव किलो दही फडक्यात बांधून तासभर टांगा. त्यात एक मोठा चमचा करडईच्या तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी, पूर्ण निवल्यावर. कडकडीत फोडणी दह्यावर ओतली की ते फाटतं, कण-कण दिसतात. मीठ वाढताना, कारण मीठ घालून ठेवलेलं दही पाणी सोडतं. दह्याच्या सॅलडमध्ये ठेचा अर्धाच, आणि जवसाऐवजी कारळाची चटणी जास्त चांगली लागते. रंग काळपट येतो, त्याला इलाज नाही.

लिंबू सोसत नाही म्हणून मोसंबीचा रस घालू नका, कुणीतरी सुचवेलच. काढून ठेवलेला मोसंबीचा रस थोड्या वेळात कडू पडतो. मोसंबी घालायचीच तर फोडी घाला: पांढरी साल आणि फोडीवरचा पापुद्रा पूर्ण काढून, एका मोसंबीच्या आठ-दहा फोडी, ताटात वाढल्यावर वरून. जालन्याकडची गोड मोसंबी आणि पातीचा कांदा एकत्र विचित्र वाटेल, पण जमतं.

खडकाळ
पावसाळ्यासाठी एक भर. त्या दिवसांत पाल्याला चिखल आणि अळ्या दोन्ही. तीन पाण्यांत धुवा, मग उकळत्या पाण्यात वीस सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात काढा, पिळून चिरा. घोळाण्याचा कुरकुरीतपणा जातो, त्याची भरपाई वाळकानं करा. वाळूक त्याच सुमारास येतं. बिया आणि मधला पाणचट गर काढून टाका, आणि चिरण्याआधी टोकाची चकती चाखून बघा. एक कडू वाळूक सगळी परात वाया घालवतं.