कॉर्टिसॉल 1.8 च्या वर गेलं म्हणजे कुशिंगच का?

खाडीकाठचा: कुशिंग म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक फार झाल्याचा आजार. काल इथे कोणीतरी ठोकून दिलंय: "रात्री डेक्सा 1 मिग्रॅ घ्या, सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल 1.8 (मायक्रोग्रॅम/डेसिलिटर) च्या वर आलं की कुशिंग पक्कं, सरळ मेंदूचा एमआरआय करा." अहो, डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, कॉर्टिसॉल दाबणारं स्टेरॉइड; धडधाकट माणसात ते दबतं, कुशिंगमध्ये दबत नाही. पण आकडा इतका खाली धरलाय तो रुग्ण सुटू नये म्हणून, त्यात धडधाकट माणसंही अडकतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या की कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि आकडा फुगतो. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटोइन असेल तर यकृत डेक्सा भराभर संपवतं, सकाळपर्यंत दाबायला उरतं काय? दारू, नैराश्य यांनीही आकडा चढतो, ते वेगळंच. घाईने एमआरआय केलात तर निरुपद्रवी गाठ सापडायची आणि तिच्याच मागे लागाल. आधी दुसरी चाचणी, मग एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायला लावणारं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक, तपासा.

देवगडकर: ते मीच लिहिलंय. माझ्या वहिनीचं 14 आलं होतं. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जमिनीवरून उठता येईना, तरी "ताण असेल, वजन उतरवा". निघाली पिट्युटरीची गाठ. तुमच्यासारख्या शहाण्यांनीच वेळ घालवला.

खाडीकाठचा: 14 आणि वर पट्टे, तिथे कोण वाद घालतंय? मी 2.4 वाल्यांचं बोलतोय. नीट वाचा.

लॅबवाली: भांडा खुशाल. आमच्याकडे सुजलेला गोल चेहरा घेऊन येणाऱ्यांत पुडी नि मलम वापरणारेच जास्त. गुडघ्यासाठी बिननावाची, स्टेरॉइड घातलेली पुडी, नाहीतर पावसाळाभर जांघेतल्या गजकर्णाला क्लोबेटासॉल हे जालीम स्टेरॉइड मलम. दिसायला कुशिंग, पण स्वतःचं कॉर्टिसॉल तळाला. पुडीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असेल तर काही मशीन त्यालाच कॉर्टिसॉल धरतात. डेक्साआधी पेशंटची औषधांची पिशवी उलटी करा.

माका_काय: पुडीवाल्याक शिव्या घालू नकात. माझ्या आवशीक त्याच पुडीन उभी केली. तुमचे डॉक्टर येतत आमच्या वाडीत?

लॅबवाली: उभी केली, आणि हाडांचं काय? पण एकदम बंद करू नका हं, आतल्या ग्रंथी झोपलेल्या असतात, बीपी कोसळेल. डॉक्टरांना दाखवून हळूहळू उतरवा.

देवगडकर: वा, डेक्सावरून गजकर्णावर! असो, गोळ्यांचं मान्य, महाराज. पण तुमची दुसरी चाचणी म्हणजे रात्री अकराला लाळेतलं कॉर्टिसॉल ना? माझा भाऊ ट्रॉलरवर, रात्रभर जागा. त्याची कधी घेणार?

खाडीकाठचा: घ्यायचीच नाही. कॉर्टिसॉल झोपेच्या घड्याळावर चालतं, त्याचं घड्याळच उलटं, आकडा काय कामाचा? त्याची 24 तासांची लघवी जमवा. कॅन थंड ठेवायचा असतो, बोटीवर बर्फ आहेच.

माका_काय: आणि त्याच बर्फातले बांगडे आमका विकतले?