वडिलांसाठी आरामशीर जुनी सेडान हवी आहे, सगळं धरून पाच लाख

कोरेगावकर

नमस्कार मंडळी. आप्पांना ७६ वर्षं पूर्ण झाली. मार्चमध्ये मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी त्यांना पुण्याला दाखवायला न्यावं लागतं. साताऱ्याहून जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर होतात. घरी २०११ ची वॅगन आर आहे. गाडीने आजवर कधी दगा दिला नाही. पण मागच्या खेपेला खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ आरशात पाहिलं, तर आप्पा डोळे मिटून दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसले होते. बोलले काहीच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "चालव तू, ठीक आहे."

त्याच रात्री ठरवलं, मोठी गाडी घ्यायची. नवी परवडणार नाही. तीन गाड्या नजरेत आहेत: २०१२ ची स्कोडा सुपर्ब, डिझेल ऑटोमॅटिक, ४ लाख ६० हजार, २०१३ ची कोरोला ऑल्टिस, पेट्रोल, ४ लाख ४० हजार, आणि २०१६ ची सियाझ पेट्रोल, ४ लाख ७५ हजार. मन सुपर्बवर बसलंय, मागे पाय पसरून बसता येतं. मी सत्तर-ऐंशीच्या पुढे जात नाही. वर्षाला आठेक हजार किलोमीटर होतील. मला फक्त मागच्या सीटचं बघायचं आहे. काय घेऊ?

मिरजेची वेणू

दादा, माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत, म्हणून सांगते. बसल्यावरचा आराम सगळे बघतात, बसायचं आणि उठायचं कसं ते कुणी बघत नाही. वॅगन आरची सीट उंच असते, माणूस सरळ टेकतो. सेडानमध्ये खाली जावं लागतं, आणि उतरताना सगळा भार कमरेवर नाहीतर गुडघ्यावर येतो. आम्ही आधी जी गाडी पसंत केली होती तिच्यातून आईला उठताच येईना. दोघांनी धरून काढली तिला. रडली ती, दुखलं म्हणून नाही, चारचौघांत असं उचलून घ्यावं लागलं म्हणून.

आप्पा घरी ज्या खुर्चीतून आपले आपण उठतात तिची उंची टेपने मोजा. तोच टेप घेऊन गाडी बघायला जा, आणि आप्पांनाही न्या. पाठ गाडीकडे करून आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर सॅटिनचं कापड टाकलं की वळताना अंग सहज सरकतं, कमरेला पीळ बसत नाही. आम्हाला फिजिओच्या बाईंनी शिकवलं.

जुना फिटर, कराड

एकतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो.

पंचवीस लाखांची गाडी दहा-बारा वर्षांनी साडेचार लाखांत मिळते, पण तिचे पार्ट पंचवीस लाखांच्या गाडीचेच राहतात. सुपर्ब बसायला राजेशाही, त्यात वाद नाही. पण पाच लाखांतले ४ लाख ६० हजार गाडीलाच गेले तर पुढे काय? जुन्या गाडीला पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, बुश, शॉकअप धरून साठ-सत्तर हजार बाजूला हवेतच. शिवाय पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, १५ वर्षांची. २०१२ ची गाडी २०२७ ला रिन्यूला येणार, सियाझला २०३१ पर्यंत बघायला नको.

ऑल्टिसचं १.८ लिटरचं इंजिन मी डोळे झाकून घेईन. पण थर्ड पार्टी विम्याचा हिशोबही करा. जून २०२२ च्या दराने १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७ रुपये, हजार ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६. ऑल्टिस वरच्यात जाते, सियाझ १.४ लिटरची, ती खालच्यात बसते.

आता आरामाचं. लोक गाडीचं नाव बघतात, टायर बघत नाहीत. सियाझच्या वरच्या व्हेरिएंटला १९५/५५ आर १६ येतात, खालच्यांना १८५/६५ आर १५. पहिल्याची रबराची भिंत साधारण १०७ मिलिमीटर, दुसऱ्याची १२०. हा जो बोटभर जास्तीचा रबर आहे ना, तोच खड्डा खातो. दुखऱ्या कमरेच्या माणसाला १६ इंची अलॉय चाकं नकोत, १५ इंची टायरवाली गाडी घ्या. टायरवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक होतो, आणि धक्का सरळ पाठीत जातो.

पुराची गाडी ओळखायला शिका. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. चकाचक करून विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या पट्ट्यावर मातीची रेघ दिसते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. कार्पेटखाली हात घाला. बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असतील तर का उघडलं ते विचारा. सकाळी जा, इंजिन गार असताना, आणि मालकाला आधीच सांगा, "मी येईपर्यंत सुरू करू नका."

निळा मैलाचा दगड

फिटरकाकांचं ऐका. मी एका परदेशी कंपनीची मोठी ऑटोमॅटिक सेडान पावणेचार लाखांत घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात कामथे घाटात गिअर पडेनासा झाला. बायको, दोन मुलं, रात्रीचे नऊ. गिअरबॉक्सचा खर्च सांगितला १ लाख ९० हजार. शेवटी आहे त्या अवस्थेत विकून टाकली. गाडी सुंदर होती, आजही आठवते. पण आप्पांना दवाखान्याची वेळ गाठायची आहे, त्यांना घेऊन रस्त्यात थांबून चालणार नाही.

कागदांचंही बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. ट्रान्सफर झाल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, तो आपला धरू नका. आणि दिल्लीकडची स्वस्त डिझेल कुणी दाखवली तर नको म्हणा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. इथे पुन्हा टॅक्स भरावा लागतो.

कोरेगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आप्पांना घेऊन तिन्ही गाड्या बघितल्या.

खुर्ची १९ इंच निघाली. सुपर्बमध्ये आप्पा बसले, हसले, "इथं झोपतासुद्धा येईल," म्हणाले. पण उठताना दोनदा प्रयत्न करावा लागला, तिसऱ्यांदा माझ्या खांद्याला धरून उठले. वेणूताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्यांना न नेताच बयाणा देऊन आलो असतो. ऑल्टिसच्या स्टेपनीखाली चिखलाचा थर वाळलेला होता. मालक म्हणाला, धुतलीच नाही कधी. आम्ही निघालो.

सियाझ निवृत्त शिक्षकांची, एकच मालक, ६१ हजार रनिंग, १५ इंची टायर. आप्पा दाराला धरून आपले आपण उठले. शेवटी ४ लाख ३५ हजारांवर तोडलं. टायर चारही बदलले.

फिटरकाका, एक विचारायचंय. गतिरोधकावरून उतरताना मागून उजवीकडून "टक" असा हलका आवाज येतो. मंगळवारी पुण्याची तारीख आहे, जाऊ का?

जुना फिटर, कराड

जा, भ्यायचं कारण नाही. पण सोमवारी कुणालातरी त्या बाजूने गाडी दाबायला सांगा आणि तुम्ही डिकीत शॉकअपच्या वरच्या माउंटवर, म्हणजे तो गाडीला जोडतात तिथे, हात ठेवा. टक बोटाला लागली तर माउंटचं रबर गेलंय. स्वस्तात होतं, अर्ध्या दिवसाचं काम. आणि मागच्या टायरांत हवा कंपनीने दारावर लिहिलीय तेवढीच भरा, पंपवाला सवयीने जास्त मारतो.

कोरेगावकर

माउंटच होतं काका. बदललं. सॅटिनचं कापडही आईने शिवून दिलंय.