लॉटरीच्या पैशातून गावची कला? इंग्लंडात मिळतात म्हणे, आपल्याकडे काय?

सोंगवाला_पेठ
राम राम मंडळी. आमचं गाव नाशिकच्या पेठ तालुक्यात. उन्हाळ्यात बोहाडा असतो, म्हणजे देव-राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव. यंदा रावणाचा मुखवटा कानापाशी उकललाय, लगद्याचे थर सुटलेत, आतून उंदरांनी कुरतडलंय. संबळवाले, सनईवाले आता नारळ-टॉवेलावर येत नाहीत. त्यांनी तरी का यावं? सगळा खर्च घरटी वर्गणीवर. पुतण्या इंग्लंडात नोकरीला आहे. तो म्हणतो, तिकडे खेड्यातल्या नाटकमंडळींना लॉटरीचे पैसे मिळतात. खरं का? लॉटरी तर आपल्या सरकारचीही आहे, मग मागायचं कुणाकडे?

गंगापूररोड_काका
पुतण्याचं बरोबर आहे. ब्रिटनची नॅशनल लॉटरी १९९४ साली सुरू झाली. तिकिटाच्या पैशातला काही हिस्सा सत्कार्याला जातो, त्यातला पाचवा हिस्सा कलेला. इंग्लंडात त्याचं वाटप आर्ट्स कौन्सिल ही कलेला अनुदान देणारी संस्था करते.

सुरुवातीला मात्र बोंबाबोंब झाली. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला ७ कोटी ८५ लाख पौंड दिले. तिकीट काढणार गरीब, ऑपेरा बघणार श्रीमंत! लोक चिडले ते रास्तच होतं, माझ्या मते.

तुमच्यासारख्यांच्या कामाची ती कम्युनिटी फंडाची, म्हणजे लॉटरीचेच पैसे वाटणाऱ्या दुसऱ्या संस्थेची, छोटी योजना: इंग्लंडात ३०० ते २०,००० पौंड. लेखी नियमावली हवी, मंडळाच्या नावाने बँक खातं हवं, आणि समितीत निदान दोघं तरी एकमेकांच्या नात्यात नसलेले हवेत. आपल्याकडे ही शेवटची अटच घाम फोडेल, अख्खं गाव एका भावकीचं! आर्ट्स कौन्सिलकडे मागायचं तर खर्चाचे किमान १० टक्के दुसरीकडून उभे करावे लागतात. वर्गणी अशी कामी आली असती.

आपली राज्य लॉटरी १९६९ पासूनची, पण तिचं उत्पन्न सरकारी तिजोरीत. कलेसाठी वेगळा वाटा नाही. तेव्हा लॉटरीच्या ऑफिसात अर्ज घेऊन खेटे घालू नका.

सातपूर_शिफ्टवाला
काकांना दुजोरा. त्यापेक्षा सीएसआर बघा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च. ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला स्पष्ट लिहिल्यात. मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, १२ए, ८०जी (या आयकराच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) नसेल तर एचआरवाले चहा पाजून वाटेला लावतात. पत्रासोबत मुखवट्याचा फोटो आणि सुताराचं, रंगाचं, वादकांचं वेगवेगळं अंदाजपत्रक जोडा. ‘संस्कृतीसंवर्धनार्थ सहकार्य’ असलं मोघम लिहू नका.

सोंगवाला_पेठ
नोंदणीचं बघतो. भावकीबाहेरची अट तिकडची असली तरी पटली. संबळवाल्यालाच समितीत घेतो, मानधनाचं तोच रोखठोक बोलेल. फॉर्म भरायला नाशकात कुणाला रविवारी वेळ आहे का?