मिरचीवर कोकडा आलाय, विषारी औषध न मारता काय करता येईल?

नमस्कार. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडे. जुलैत घरामागच्या सांदवाडीत मिरचीची चाळीसेक रोपं लावली. पोळ्यापर्यंत झकास होती. मग पाऊस उघडला, ऊन तापलं आणि पंधरा दिवसांत शेंड्याची पानं आकसली. दोन्ही कडा वर वळून पान द्रोणासारखं होतं, खालून तांबूस, चकाकतं. फूल लागतं आणि गळतं. कुंपणापलीकडे आमचीच पऱ्हाटी (कपाशी) आहे, कीड तिकडून आली का?

कृषी केंद्रात पान दाखवायला नेलं. दुकानदारानं ते हातातही न घेता पऱ्हाटीवर मारायची बाटली पुढे केली. मी घेतली नाही. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरता येत नाही. शिवाय सासूबाई सकाळी मिरच्या तोडतात आणि दुपारी त्यांचाच ठेचा ताटात असतो.

निंबोळ्या वाळवून ठेवल्या आहेत. प्रमाण कोणी सांगेल का?

प्रतिसाद :
ताई, आधी पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. मिलिमीटरभर लांबीचे, फिक्कट पिवळे किडे पळाले तर फुलकिडे समजा. पान वर वळणं ही त्यांचीच खूण. खाली वळून देठ लांबले असते तर मी कोळी कीड म्हटलं असतं. फुलकिडे पान खरवडून रस ओढतात, तांबूसपणा त्यानंच येतो. पऱ्हाटीवरही ते असतातच.

निंबोळीची भुकटी लिटरला ५० ग्रॅम घ्या. रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा, थोडा साबणाचा चुरा टाका. संध्याकाळी फवारा, पानाच्या खालून. उन्हात अर्काचा कस जातो. आठवड्यानं पुन्हा. यानं कीड तडकाफडकी मरत नाही, तिचं खाणं आणि वाढ थांबते, म्हणून दुसऱ्या दिवशी धीर सोडू नका. बुंध्याशी हलकी खुरपणी करा, त्यांचे कोष मातीत असतात. चिकट सापळे निळे लावा. वळलेलं पान सरळ होणार नाही, नवा शेंडा पाहत राहा.

धागाकर्ती :
दादा, आत्ताच झटकून पाहिलं. आठ-दहा पिवळे कण कागदावर सरसर पळाले. दोन झाडं मात्र वेगळी आहेत : खुजी, पानं बारीक, शिरा पिवळ्या, किडा एकही नाही.

प्रतिसाद :
ती दोन्ही आजच उपटून पुरून टाका. तो विषाणूचा कोकडा दिसतो, पांढरी माशी पसरवते. त्याला निंबोळीही चालत नाही आणि बाटलीही.