दाजींचा अपघात: तीन लाख घेऊन सही करावी का?

माढेकर:
आमचे दाजी जाऊन तीन आठवडे झाले. संध्याकाळचं दूध घालून येताना अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकली. ट्रॅक्टर पंक्चर म्हणून ट्रॉली भर डांबरीवर सोडलेली. रिफ्लेक्टर नाही, मागं दिवा नाही, साधा दगड-फांदीही नाही. वय ३४. मागे बहीण, दोन लहान लेकरं आणि सासूबाई. दोन एकर रान, चार म्हशी. ट्रॅक्टरमालकानं गावातले दोघं मध्ये घातलेत. तीन लाख देतो, "आमची काही तक्रार नाही" असं स्टँपवर लिहून द्या म्हणतोय. भावकी म्हणते घ्या, धडक मागून बसलीय, कोर्टात काही टिकणार नाही. काय करावं?

बार्शीचा वकील:
सही अजिबात नको. चूक कोणाची हे न बघताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आहेत, मग तीन कसले? मागून धडकला म्हणून सगळी चूक त्याचीच असंही नाही. रस्त्यात धोकादायक रीतीनं गाडी सोडायला कलम १२२ नंच बंदी आहे. घटनास्थळ पंचनाम्यात रिफ्लेक्टर नसल्याची नोंद आहे का, ते आधी पाहा. दावा कलम १६६ खाली लावा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागता येते (१६४ आणि १६६ पैकी एकच चालतो), मुदत अपघातापासून ६ महिने. बहीण राहते तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही (असे दावे चालवणारं कोर्ट) लावता येतो. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा विमा वेगवेगळा तपासा.

सांगोल्याची लेक:
दादा, हे ताईंना वाचून दाखवा. आमचे मालकही असेच रस्त्यावर गेले, त्यांचा दावा मी चालवलाय.

सगळं अडतं ते कमाईच्या पुराव्यावर. आपल्याकडं पगारपत्रक नसतं. पण दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं असतात, ती एकूण एक गोळा करा. त्यावर फॅट, लिटर, कापलेली पेंड सगळं असतं. मी ती तारखेवार वहीत चिकटवली होती, आणि बँकेत जमा झालेल्या रकमेशी प्रत्येक बिल जुळवलं होतं. विमा कंपनीच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, "शेती जागेवरच आहे, म्हशी दावणीला आहेत, मग नुकसान काय?" मी म्हटलं, साहेब, पहाटे चारला धार काढणारा माणूस कुठंय? ताईंनाही हेच विचारतील. तयारी करून घ्या.

आता हिशोब. समजा महिन्याला १५,००० सिद्ध झाले. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, झाले २१,०००. मागे चार माणसं, म्हणून दाजींच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वय ३१ ते ३५ ला गुणक (वर्षाची रक्कम जितक्या पट धरतात तो आकडा) १६, म्हणजे ३० लाख २४ हजार. त्यात थोडी चूक दाजींची धरली तर तेवढं कापतील. तरी तीन लाख कुठं आणि हे कुठं!

सासूबाईंचं नाव अर्जात घाला, त्यांचाही हक्क आहे. नाव राहिलं की घरात फूट पडते आणि समोरचा तेच हेरतो. आणि दारात येऊन "एवढे टक्के द्या, सगळं बघतो" म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

बार्शीचा वकील:
बरोबर. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवणं आमच्या नियमात बसतच नाही. बहिणीला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही.

माढेकर:
सही करत नाही, ताईशी बोललो. दाजींची एलआयसी होती, ती घेतली तर दाव्यातून वजा होते का?

बार्शीचा वकील:
नाही. हेलन रिबेलो खटल्यात, एसटी महामंडळाविरुद्ध, सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच ते स्पष्ट केलंय. दाव्याआधी एक काम उरका: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत अर्ज लागतो आणि तुमचे तीन आठवडे गेलेत. सातबारा, मृत्यूचा दाखला, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल घेऊन उद्याच जा. बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाख वेगळे.